विश्लेषण : ना नाक, ना शृंगिका, मग कोळ्याला मादीचा वास येतो कसा?

कोळ्याचा नर मादीच्या शोधात आपले जाळे सोडतो, तो बहुधा पुन्हा परतत नाही. जाळे विणणाऱ्या कोळ्यांची नजर अधू असते. पुढची मादी काही मीटर दूर, गवताच्या पात्यांआड बसलेली असते. तरीही काही नर नेमके तिच्यापर्यंत पोहोचतात. वाट दाखवतो तो हवेतून येणारा तिचा गंध, हे संशोधकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होते. मात्र तो गंध नर नेमका कशाने हुंगतो, याचे उत्तर २०२५ पर्यंत सापडले नव्हते. उत्तर त्याच्या पायांवर होते.

कोडे नेमके काय होते?

कीटकांच्या डोक्यावर शृंगिका, म्हणजे आपण ज्यांना मिशा म्हणतो ते अवयव असतात. पतंग, मुंग्या, डास यांचे ते नाकच. या शृंगिकांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि केसांच्या भिंतीला असंख्य छिद्रे असतात. हवेतले गंधकण त्या छिद्रांतून आत शिरतात आणि आतल्या चेतापेशींना जाऊन भिडतात. कोळी मात्र कीटक नाहीत. विंचू आणि गोचिडींप्रमाणे ते आठ पायांच्या, म्हणजे अष्टपाद वर्गातले आहेत. या वर्गातल्या कोणालाच शृंगिका नसतात.

कोळ्यांच्या पायांवर केस भरपूर असतात. त्यांतले काही चव ओळखतात. अशा केसाच्या टोकाला एकच छिद्र असते आणि पाय ज्या वस्तूवर टेकला तिची रासायनिक ओळख त्यातून पटते. पण चव घेण्यासाठी स्पर्श व्हावा लागतो. दूरचा गंध ओळखण्यासाठी लागणारे, भिंतीला छिद्रे असलेले केस कोळ्यांत नसतातच, असे समजले जात होते. मग वास कशाने येतो? प्रत्येक पायाच्या टोकाजवळ ‘टार्सल ऑर्गन’ नावाचा एक बारीक खळगा असतो. काही अभ्यासकांनी त्यालाच नाक मानले. पुढे हा खळगा प्रामुख्याने हवेतला दमटपणा आणि तापमान टिपतो, असे प्रयोगांतून दिसले आणि प्रश्न तिथेच राहिला.

नव्या संशोधनात काय आढळले?

जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातील गाब्रिएले ऊल आणि मोहम्मद बेलायेत हुसेन तालुकदार यांच्यासह आंतरराष्ट्रीय चमूने ‘वास्प स्पायडर’ या युरोपातील कोळ्याचे पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. शास्त्रीय नाव आर्जिओपी ब्रुएनिखी. प्रौढ नराच्या पायांवर भिंतीला छिद्रे असलेले हजारो केस त्यांना आढळले. हे संशोधन जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हे केस कुठे आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. चव घेणारे केस पायाच्या जमिनीला किंवा धाग्याला टेकणाऱ्या भागावर अधिक असतात. नव्याने सापडलेले केस पायाच्या वरच्या, शरीराकडील भागांवर आहेत. हा भाग सहसा कशालाच टेकत नाही, हवेत असतो. म्हणजे एकाच पायावर खाली जीभ आणि वर नाक, अशी विभागणी आहे.

नुसते केस दिसले म्हणून ते हुंगतात असे म्हणता येत नाही. म्हणून संशोधकांनी एकेका केसातील चेतापेशींचे विद्युत संकेत मोजले. केसावर मादीच्या गंधद्रव्याचा झोत सोडताच चेतापेशी सक्रिय झाल्या. द्रव्य वाढवले तसा प्रतिसादही वाढला. अवघ्या २० नॅनोग्रॅम द्रव्यालाही केसांनी दाद दिली. २० नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा पाच कोटीवा भाग. कीटकांच्या अतिसंवेदनशील शृंगिकांशी तुलना करावी, इतकी ही क्षमता आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे, हे केस माद्यांच्या पायांवर नाहीत आणि वयात न आलेल्या नरांच्या पायांवरही नाहीत. शेवटची कात टाकून नर प्रौढ झाला की मगच ते दिसतात. म्हणजे हे नाक जोडीदार शोधण्यासाठीच असावे. संशोधकांनी इतरही कुळांतील कोळी तपासले. त्यांतील बहुतेक जातींच्या नरांत असे केस मिळाले, काहींत मिळाले नाहीत. कोळ्यांच्या उत्क्रांतीत ही सोय एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली आणि काही शाखांत ती नाहीशी झाली, असा त्यावरून निष्कर्ष निघतो.

मादीच्या गंधात असते काय?

एका प्राण्याने सोडलेले आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यात बदल घडवणारे रसायन म्हणजे फेरोमोन. हा शब्द १९५९ मध्ये रूढ झाला. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचे फेरोमोन ओळखल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांना सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा कराव्या लागल्या होत्या. कोळ्याचे पहिले लैंगिक फेरोमोन ओळखले जायला मात्र १९९३ साल उजाडले. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि फेरोमोनची रासायनिक ओळख पटलेल्या जाती आजही बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. कोळी लहान, एकेकटे राहणारे, प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने वाढवायला अवघड. त्यामुळे हे काम संथ चालते.

वास्प स्पायडरच्या मादीचे द्रव्य २०१० मध्ये ओळखले गेले. ट्रायमिथाइल मिथाइलसिट्रेट हे त्याचे नाव. लिंबात असणाऱ्या सिट्रिक आम्लाशी त्याचे रासायनिक नाते आहे. मादीच्या शरीरावर आणि तिच्या रेशमावर ते आढळते आणि तिथून हवेत पसरते.

कोळ्यांचा रासायनिक निरोप दोन प्रकारांनी पोहोचतो. एक हवेतून, दुसरा रेशमातून. जमिनीवर फिरणारे लांडगा कोळी, ज्यांना इंग्रजीत ‘वुल्फ स्पायडर’ म्हणतात, चालताना मागे एक धागा सोडत जातात. मादीचा असा धागा पायाखाली आला की नर त्याचा माग काढत जातो आणि ती समोर नसतानाही प्रणयाच्या हालचाली सुरू करतो. जाळ्यात बसणाऱ्या मादीच्या बाबतीत तर सगळे जाळेच निरोपाचे पत्र असते.

हे दोन प्रकार एकाच द्रव्यातून साधता येतात, हे कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. त्यांनी ‘फॉल्स ब्लॅक विडो’ या नावाने ओळखला जाणारा घरातला कोळी अभ्यासला. मादीच्या जाळ्यावर असलेली द्रव्ये स्पर्शातून कळणारी, म्हणजे जागच्या जागी राहणारी असतात. जाळ्यावर ती हळूहळू फुटतात आणि त्यांतून ब्युटिरिक आम्लासारखी हवेत उडणारी आम्ले सुटतात. खवट लोण्याला जो वास येतो, तो याच ब्युटिरिक आम्लाचा. दूरच्या नराला तो वास बोलावतो, जवळ आल्यावर उरलेले द्रव्य त्याला जाळ्यावर प्रणय सुरू करायला लावते. द्रव्य फुटण्याचा वेग जाळ्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो आणि त्यावर मादीचे नियंत्रण असावे, असे संशोधकांचे मत आहे.

नरासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न का?

जाळ्यात बसून राहणे सुरक्षित असते. बाहेर पडलेला नर मुंग्या, पक्षी, सरडे, इतर कोळी या सगळ्यांच्या तोंडी असतो. ऑस्ट्रेलियातील ‘रेडबॅक’ कोळ्याचे ८० टक्क्यांहून अधिक नर मादी सापडण्यापूर्वीच मरतात, असे मेडियान आंद्रादे यांच्या अभ्यासात दिसले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘वेस्टर्न ब्लॅक विडो’ या कोळ्यात हे प्रमाण ८८ टक्के निघाले. शंभर नर निघाले तर बाराच पोहोचतात. अशा प्रवासात वाऱ्याच्या एका झुळकेतून आलेली खूण वेळेवर ओळखता येणे, यावरच वंश पुढे चालणार की नाही हे ठरते.

पोहोचल्यावरही धोका संपत नाही. वास्प स्पायडरची मादी समागम सुरू होताच काही सेकंदांत नराला रेशमात गुंडाळू लागते. वेळीच उडी मारून निसटला तर तो वाचतो, नाहीतर तिचे भक्ष्य होतो. नराकडे शुक्राणू देण्यासाठी तोंडाशेजारी दोन आखूड उपांगे असतात. या जातीत एक उपांग साधारणपणे एकदाच वापरता येते, कारण समागमात त्याचा भाग तुटून मादीच्या शरीरात अडकतो आणि पुढच्या नराची वाट अडवतो. म्हणजे नराला आयुष्यात जास्तीत जास्त दोन संधी. त्यामुळे चुकीच्या मादीमागे वेळ घालवणे त्याला परवडत नाही. ती आपल्याच जातीची आहे का, प्रौढ आहे का, तिचा आधी कोणाशी समागम झाला आहे का, हे दुरूनच कळणे त्याच्या हिताचे असते. बरीचशी माहिती गंधातून मिळते.

मादी हा गंध सतत सोडते का?

नाही. वास्प स्पायडरची समागम न झालेली प्रौढ मादी गंध सोडते. समागमानंतर तिचे आकर्षण संपते. बराच काळ नर न मिळालेल्या, वय वाढत चाललेल्या माद्यांकडे नर अधिक ओढले जातात, असेही याच कोळ्यावरील अभ्यासात आढळले आहे. दिवस कमी उरले की मादी हाक अधिक जोराने मारते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

गंध सोडणे मादीला फुकट पडत नाही. द्रव्य तयार करायला शक्ती लागते. फार नर जमले तर त्यांचा जाळ्याला त्रास होतो. उलट गंध उशिरा सोडला आणि हंगाम संपला, तर अंडी फलित न होताच आयुष्य संपते. त्यामुळे मादी जाळ्याच्या मध्यावर स्वस्थ बसलेली दिसत असली, तरी कधी आणि किती बोलवायचे हे बऱ्याच अंशी तिच्याच हाती असते.

एक नर दुसऱ्याची वाट अडवू शकतो का?

यातही गंधच कामी येतो. १९९३ मध्ये ज्या कोळ्याचे फेरोमोन पहिल्यांदा ओळखले गेले, तो युरोपातील लिनिफिया कुळाकार जाळ्याचा कोळी. त्याचा नर समागम न झालेल्या मादीच्या जाळ्यावर पोहोचला की आधी जाळेच गुंडाळून त्याचा गोळा करतो. गंध रेशमावर असतो. जाळ्याचा पसारा कमी झाला की हवेत पसरणारा गंधही कमी होतो आणि मागून येणाऱ्या नरांना पत्ता लागत नाही. जाळे गुंडाळण्याची ही कृती नराकडून घडवून आणणारे द्रव्यच संशोधक श्टेफान शुल्त्स आणि सोरेन टॉफ्ट यांनी ओळखले होते. ब्लॅक विडो नरही असेच करतात. त्यांनी तोडून गुंडाळलेली जाळी इतर नरांना कमी आकर्षित करतात, हे २०१५ मधील अभ्यासात दिसले.

मागून येणाऱ्यांकडेही उपाय आहे. ब्लॅक विडोचा नर चालताना धागा सोडतो. दुसरा नर तो धागा पकडून त्याच्यामागे निघतो. पुढे गेलेल्याने शोधाचे कष्ट घेतलेलेच असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, प्रतिस्पर्ध्याचा धागा मिळालेले नर केवळ मादीच्या गंधावर विसंबणाऱ्यांपेक्षा वेगाने चालले. गंधाची खूण अविश्वसनीय होती किंवा नव्हतीच, तेव्हाही ते मादीपर्यंत पोहोचले. जाळ्यावर आधीच कोणी तरी हजर असणार हे उघड असूनही ते जातात, कारण एकटे भटकून मरण्यापेक्षा पोहोचून झुंजणे बरे.

गंधाची नक्कलही होते का?

होते, आणि ती करणारा कोळीच आहे. अमेरिका खंडातील ‘बोलस’ कोळी जाळे विणत नाही. त्याची मादी रात्री आडव्या धाग्याला लटकते आणि चिकट थेंब लावलेला एक धागा पायात धरते. दक्षिण अमेरिकेतील गुराखी दोरीला गोळे बांधून जनावरांच्या पायांवर फेकत, त्या ‘बोलस’वरून हे नाव पडले. पतंग जवळ येताच ती थेंब त्याच्यावर भिरकावते. जाळ्यात अडकणारे पतंग सर्वसाधारणपणे नर-मादी दोन्ही असतात. बोलसच्या शिकारीत मात्र फक्त नर पतंग असतात. कारण ही कोळीण त्या जातीच्या मादी पतंगाचा गंध स्वतः तयार करून हवेत सोडते, हे १९८७ मध्ये रासायनिक विश्लेषणातून सिद्ध झाले. एका जातीच्या बोलसचे भक्ष्य असलेल्या दोन पतंगांपैकी एक रात्री लवकर आणि दुसरा उशिरा उडतो. कोळीण त्यानुसार गंधाचे प्रमाण रात्रीत बदलते.

विंचू आणि गोचीड यांचे काय?

विंचवाच्या पोटाखाली दोन कंगव्यांसारखे अवयव असतात. चालताना ते जमिनीवरून फिरत राहतात. मादी जिथून गेली त्या वाळूवर नर पोहोचला की या कंगव्यांना तिचा रासायनिक माग लागतो. नराचे कंगवे मादीपेक्षा मोठे असण्याचे हेच कारण मानले जाते.

गोचिडीचे नाक पहिल्या पायांच्या टोकाशी असते. १८८१ मध्ये वर्णन झालेल्या या अवयवाला ‘हॅलर्स ऑर्गन’ म्हणतात. जनावराचा श्वास, ऊब आणि गंध गोचीड त्याने ओळखते. अनेक जातींत रक्त पिणारी मादी टू-सिक्स-डायक्लोरोफेनॉल हे द्रव्य सोडते आणि त्याच जनावरावरचा नर तिच्या दिशेने निघतो. हे द्रव्य १९७२ मध्ये एका अमेरिकी गोचिडीत ओळखले गेले.

या ज्ञानाचा माणसाला थेट उपयोग होऊ शकतो. गोचिडींमुळे गुरांचे दूध घटते, त्यांना रोग होतात. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांना गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाची झळ बसली आहे. जनावराच्या अंगभर औषध फवारले की ते दूध, मांस आणि मातीत उतरण्याची भीती असते, शिवाय गोचिडींत प्रतिकारशक्ती येते. त्याऐवजी फेरोमोन आणि अगदी थोडे गोचीडनाशक एकत्र असलेला टॅग गुरांच्या शेपटीला बांधून गोचिडींनाच औषधाकडे बोलवावे, या कल्पनेची चाचणी झिम्बाब्वेत झाली आहे. तेथील प्रयोग एका आफ्रिकी जातीपुरता होता. प्रत्येक जातीचा गंध वेगळा, त्यामुळे प्रत्येकीसाठी अभ्यास नव्याने करावा लागतो. माकडतापावर हा तयार उपाय आहे, असे समजू नये.

कोणते प्रश्न अजून बाकी आहेत?

नराच्या पायांवर नाक सापडले, पण माद्यांचे काय? त्यांच्या पायांवर असे केस नाहीत. तरी भक्ष्याचा किंवा नराचा वास त्यांना येत असेल, तर तो कशाने, हे शोधायचे आहे. ज्या जातींच्या नरांत हे केस नाहीत, ते मादी कशी शोधतात? केसांत शिरलेला गंध ओळखणारी प्रथिने कोणती? कीटकांची गंधग्राहक प्रथिने कोळ्यांत नसल्याने ही यंत्रणा वेगळी असणार.

वास्प स्पायडर महाराष्ट्रात नसला तरी त्याचे आर्जिओपी प्रजातीतले भाऊबंद इथे सर्वत्र आहेत. पावसाळा संपताना बांधावर, कुंपणात, बागेतल्या झुडपांत मोठ्या गोल जाळ्याच्या मध्यावर पाय जोडीजोडीने पसरून बसलेली पट्टेरी कोळीण दिसते. जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची फुलीसारखी नागमोडी नक्षी असते, त्यामुळे तिला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. जरा थांबून जाळ्याच्या कडेला पाहिले, तर तिच्या पावपट आकाराचा एखादा किरकोळ, तपकिरी कोळी दिसू शकतो. तो तिचे पिल्लू नसून नर असतो. कुठून तरी गंधाच्या मागाने, बहुतेक सोबत्यांना वाटेत गमावून तो इथवर आलेला असतो. जाळे झाडून टाकण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.